अण्णांचा चौथा दिवस

माझ्या जीपमध्ये बॅगेसाठी वेगळी सीट मागणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

तेव्हा मी बसवकल्याण ते उमरगा जीप चालवायचो. माणसं कोंबल्याशिवाय जीप हलवायची नाही, हा आम्हा सगळ्याच ड्रायव्हरांचा नियम. एक दिवस कोहिनूर गावचा एक उंच, काटक माणूस आला. वय पस्तिशीच्या आसपास. खांद्याला कमरेएवढी उंच, जाडजूड बॅग. मी म्हटलं, टाका टपावर.

"टपावर न्हाई. ही माझ्या बाजूला बसणार. दोन सीटा धर."

"एवढं काय हाय त्यात? तंबोरा हाय का?"

"गोल्फच्या काठ्या हायत."

मागं बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "गोल्फ मंजे काय रं बाबा?"

दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. हा माणूस पूर्ण मागं वळला आणि शाळेत शिकवावं तसं सांगायला लागला. "लांबलचक हिरवळ असती, आक्का. तिच्यात दूर दूर अठरा भोकं. चेंडू काठीनं मारत मारत एकेका भोकात घालायचा. ज्याचे फटके कमी, तो जिंकला."

"आन् अठरा झाल्यावर?"

"दुसऱ्या दिवशी पुन्यांदा तेच. असं चार दिवस."

म्हातारीनं चार बोटं मोजली. "मग तुझं शेत कोण करतंय?"

"बायको."

सगळी जीप हसली. तो हसला नाही. त्यानं खरं तेच सांगितलं होतं.

गावात त्यांना सगळे अण्णा म्हणत, म्हणून मीही अण्णा म्हणायला लागलो. ते मला ड्रायव्हर म्हणायचे. पुढं जीप विकून टाकली, तरी ड्रायव्हरच. दोन-चार वेळा माझ्याच जीपनं गेल्यावर एकदा उतरताना त्यांनी विचारलं, "ड्रायव्हर, तुला चालायला येतंय का?"

"कुठं?"

"कुठं बी. दिवसाला आठ-दहा किलोमीटर. खांद्यावर ही बॅग घेऊन."

धंदा तसाही मंदावला होता. मी हो म्हणालो. गोल्फमध्ये खेळाडूची बॅग घेऊन बरोबर चालणाऱ्याला कॅडी म्हणतात, हे मला पहिल्या स्पर्धेला पोचल्यावर कळलं. अण्णांनी तीन गोष्टी सांगितल्या. मी मारत असताना हलायचं नाही. तुझी सावली चेंडूवर पडू द्यायची नाही. आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही. सात वर्षं मी त्यांच्याबरोबर फिरलो. त्या सात वर्षांत त्यांनी मला दोनदा विचारलं.

अण्णा गोल्फकडं आले ते गवताच्या वाटेनं. विशीत कामासाठी हैदराबादला गेले आणि एका गोल्फच्या मैदानावर गवत कापायला लागले. भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीला ग्रीन म्हणतात. ती कापायचं काम त्यांच्याकडं होतं. आठ वर्षं त्यांनी ते केलं. सोमवारी मैदान बंद असायचं, तेव्हा कामगारांना खेळू द्यायचे. कुणा सभासदानं टाकून दिलेल्या चार काठ्या घेऊन हे खेळायला लागले. शिकवलं कुणी नाही. त्यांचं म्हणणं, "गवताला ठाऊक असतंय चेंडू कुठं जाणार. त्याला इचारायचं." आणि खरंच विचारायचे. स्पर्धेआधी सरावाच्या दिवशी ग्रीनवर अनवाणी चालायचे, मग पालथे पडून गाल गवताला टेकवायचे. इतर खेळाडू पंधरा-पंधरा हजार लोकांच्या टाळ्या ऐकून आलेले, परदेशातल्या शाळेत शिकलेले. ते बघत राहायचे. मला सुरुवातीला लाज वाटायची.

चेंडूशी ते कन्नडमध्ये बोलायचे. लांबचा फटका मारला की "होगु, होगु", म्हणजे जा, जा, आणि उतारावरून घरंगळायला लागला की "निल्लु!", थांब. स्वतःला शिव्या मराठीत. पंचांशी हैदराबादी हिंदी. मी एकदा म्हटलं, चेंडूशी मराठीत बोलून बघा की. तर म्हणाले, "आईनं मला चालायला कन्नडमधी शिकीवलं. चालण्याची भाषा तीच."

नवव्या होलनंतर, म्हणजे नववं भोक झाल्यावर, कुठल्याही स्पर्धेत, कितीही चुरस असो, ज्वारीची अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खायचे. उरलेली अर्धी मला. एकदा पहिल्या दहात असताना एक टीव्हीवाला मायक्रोफोन घेऊन आला. हे तोंडात घास असल्यामुळं काही बोलले नाहीत, आणि घास संपेपर्यंत तो निघून गेला.

व्यावसायिक म्हणून वर्षभर स्पर्धा खेळायच्या तर कार्ड लागतं. ज्यांच्याकडं नाही त्यांच्यासाठी दरवर्षी एक पात्रता परीक्षा असते. ही गोष्ट मी येण्याआधीची, वैनींनी मला सांगितलेली. वैनी म्हणजे अण्णांची बायको. कोहिनूरची सगळी शेती त्याच बघायच्या. अण्णांचं कार्ड सलग तीन वर्षं एका फटक्यानं हुकलं. तीनही वेळा एकाच.

"तिसऱ्या बारीला घरी आले," वैनी सांगत होत्या, "पाय धुतले, जेवले, मग म्हणाले, एका फटक्यानं गेलं. मी म्हणलं, मागच्या साली बी एकच हुता की. तर म्हणतेत कसं, व्हय, म्हणजे मागं सरकलो न्हाई."

चौथ्या वर्षी मिळालं, तीन फटके राखून. आनंद व्हायचा तर अण्णा चुकचुकत राहिले. हे तीन फटके मागच्या तीन वर्षांना एकेक वाटून देता आले असते, तर तिन्ही वर्षं वाचली असती.

आता त्यांच्या विजयाची गोष्ट. अण्णांनी उभ्या आयुष्यात एक मोठी स्पर्धा जिंकली, आणि तिच्याबद्दल कुणी अभिनंदन केलं की त्यांचं तोंड कडू व्हायचं.

पूर्वेकडच्या एका शहरात ती स्पर्धा होती. तीन दिवस खेळून अण्णा एका फटक्यानं पुढं होते. चौथ्या दिवशी पहाटेपासून पाऊस. मैदानाचं तळं झालं. दुपारी आयोजकांनी जाहीर केलं, तीन दिवसांचे फटके धरून निकाल. अण्णा जिंकले. मी नाचलो. फोटो निघाले, भला मोठा चषक हातात आला. अण्णा एका हातात चषक धरून खिडकीतून बाहेर बघत होते.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. खेळाडू निघून गेले होते. आमची गाडी संध्याकाळची. सकाळी सहाला अण्णांनी मला हलवलं. "बॅग घे."

"आता कुठं?"

"चौथा दिवस राहिलाय."

मैदानाचे जे साहेब होते त्यांच्यासमोर हे उभे. "साब, मेरे अठरा होल बाकी हैं."

साहेबांना कळेना. "अरे, तुम तो जीत गये."

"तीन दिन का जीता, साब. चौथे का मालूम नहीं."

साहेबांनी हात हलवून जा म्हटलं. माळ्यांनी झेंडे काढून ठेवले होते. पण अण्णा गवतवाले आहेत हे त्यांना तीन दिवसांत कळलेलं. चौघं माळी आमच्यापुढं चालत एकेका भोकात झेंडा रोवत गेले. बघायला दुसरं कुणी नाही. बुटांखाली पाणी चुबुकचुबुक वाजत होतं. अण्णा मात्र शंभर कॅमेरे लागल्यासारखे खेळत होते. प्रत्येक फटक्याला तेवढाच वेळ, नवव्या होलनंतर भाकरी. शेवटच्या होलवर चेंडू भोकात घातला, टोपी काढली, माळ्यांशी हात मिळवले.

"चौऱ्याहत्तर," ते म्हणाले. "दुसऱ्या नंबरचा पोरगा सत्तरात खेळला असता तर मला हरवूनच गेला असता. सहज."

"पर तो खेळला न्हाई ना अण्णा. तुम्हीच जिंकलाव."

"तीन दिवसांचं," ते म्हणाले, आणि तो विषय तिथं संपला.

गावात हलगी लावून मिरवणूक काढली. शाळेच्या मैदानात सत्कार झाला. सरपंच बोलले, मुख्याध्यापक बोलले. मग अण्णा उठले, चषक टेबलावर ठेवला आणि चौथ्या दिवशीचे चौऱ्याहत्तर फटके होलवार सांगायला लागले. नवव्या होलपर्यंत आले तेव्हा वैनी पहिल्या रांगेतून म्हणाल्या, "आता बसा की." तेव्हा बसले.

त्यानंतर चार दिवसांची एक स्पर्धा जिंकायची, हे एकच त्यांच्या डोक्यात राहिलं. दोनदा दुसरे आले. एकदा तिसरे. आणि मग ती स्पर्धा आली, जिच्यात त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं.

चौथा दिवस, शेवटचा होल, अण्णा एका फटक्यानं पुढं. पहिला फटका सुंदर गेला. पुढं ग्रीन, पण तिच्या अलीकडं तळं. लांब मारला तर तळ्यापलीकडं थेट ग्रीनवर. जरा कमी पडला तर पाण्यात. दुसरा रस्ता म्हणजे तळ्याच्या अलीकडं चेंडू ठेवायचा आणि पुढचा फटका बेतानं टाकायचा. अण्णांनी लांबची काठी काढली, पुन्हा तळ्याकडं बघितलं, आणि माझ्याकडं वळले.

"ड्रायव्हर, काय वाटतंय?"

पाच वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, "अलीकडंच ठेवा, अण्णा."

त्यांनी लगेच लांबची काठी परत दिली. अलीकडं ठेवला. पुढचा फटका तळ्यावरून ग्रीनवर पडला, आणि उतारानं हळूहळू मागं येत काठावरच्या दाट गवतात रुतला. तिथून बाहेर काढण्यात एक फटका जास्त गेला. बरोबरी झाली. बरोबरी झाली की दोघांनी पुन्हा एक होल खेळायचा. तो बरोबरीला आलेल्या पोरानं एक फटका कमी घेऊन मारला. संपलं.

मी गुणफलकाच्या मागं जाऊन रडत बसलो. अण्णा शोधत आले.

"कामून रडायलास?"

"माझ्यामुळं गेलं, अण्णा. लांब मारू द्यायला पायजे हुतं."

"तू सांगितलास ते बराबर हुतं. त्याच्या पुढला फटका चुकला, तो माझा हुता. तुझा फटका अन् माझा फटका एकात मिसळू नको." मग म्हणाले, "रडून झालं की ये. पट मारायचे हायत."

पट म्हणजे ग्रीनवर चेंडू भोकाकडं ढकलायचा तो हलका फटका. अंधार पडेपर्यंत आम्ही सरावाच्या ग्रीनवर होतो. त्यांनी मला माफ केलं होतं असं म्हणता येणार नाही, कारण त्यांच्या हिशेबी माझी चूकच नव्हती. पण मला ते पटलं नाही. पुढं खेळताना ते नुसते माझ्याकडं वळले तरी मी बॅगेच्या चेनशी खाटखुट करायला लागायचो.

आणि मग त्यांचा हात गेला.

लांबचे फटके होते तसेच. पण चार फुटांच्या आतला पट आला की उजव्या मनगटाला झटका बसायचा. म्हातारीही घालील असा चेंडू भोकाच्या बाजूनं निघून जायचा. सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासलं, हाताला काही झालेलं नाही म्हणाले. खेळाडू याला मनाचा आजार म्हणतात आणि त्याचं नावसुद्धा मोठ्यानं घेत नाहीत. वर्षभराच्या क्रमवारीची यादी असते, तिच्यात अण्णा खाली खाली जायला लागले. मला आतून वाटायचं, हे त्या तळ्यापासूनच सुरू झालंय.

अण्णांनी शेतातलं खळं सरावाला घेतलं होतं. धान्य मळायची ती शेणानं सारवलेली गुळगुळीत जागा. माती टाकून त्यांनी तिला ग्रीनसारखे चढउतार केले होते. सारवायच्या वैनी. एका दुपारी मी तिथं होतो. अण्णा पट मारत होते, चेंडू चुकत होता. तीन फुटांवरून, दोन फुटांवरून. वैनी बांधावर गवत कापत होत्या. त्यांनी विळा खाली ठेवला.

"उजवा न्हाई म्हणायलाय तर डाव्यानं मारा की."

"असं होत न्हाई," अण्णा म्हणाले.

"कामून होत न्हाई? मी जल्मभर डाव्यानंच विळा धरायले. सासूबाईंनी किती मारलं त्याच्यापायी. सोडला का मी?"

अण्णा बराच वेळ त्यांच्या हाताकडं बघत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी आम्ही हैदराबादला जाऊन डावखुऱ्याची एक जुनी काठी शोधून आणली.

बेचाळिसाव्या वर्षी माणूस उलटा उभा राहून शिकायला लागला. पहिले पंधरा दिवस चेंडू खळ्यातून तुरीत जायचा. सोयाबीन काढायला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. रोज पाचशे पट. एक पूर्ण हंगाम ते स्पर्धेला गेले नाहीत. पाच महिन्यांनी एका सकाळी त्यांनी तीन फुटांवरून शंभर मारले आणि सत्त्याण्णव आत गेले. मी ओरडलो. ते म्हणाले, "तीन कुठं गेले ते बगायला पायजे."

पुन्हा मैदानात उतरले तेव्हा लांबचे फटके उजव्यानं आणि पट डाव्यानं खेळणारे आम्हाला दुसरे कुणी भेटले नाहीत. चार दिवसांची स्पर्धा त्यांनी काही जिंकली नाही, हे आत्ताच सांगून टाकतो. मी गुडघ्यानं थकलो आणि बसवकल्याणात पंपदुरुस्तीचं दुकान टाकलं. अण्णा त्यानंतरही दोन वर्षं खेळले. आता कार्ड नाही. पण पन्नाशी झाली की ज्येष्ठांच्या स्पर्धेत उतरता येतं, म्हणून दुकानात आले की अजून किती महिने राहिले ते सांगतात. पन्नाशीची एवढी घाई झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण मला सांगायचंय ते माझ्या शेवटच्या स्पर्धेबद्दल.

वर्षाची अखेरची स्पर्धा होती. यादीतल्या पहिल्या साठांचं कार्ड राहणार, बाकीच्यांचं जाणार. अण्णा एकसष्टावे. चौथ्या दिवशी जिंकणारे खेळाडू आमच्या मागं कुठंतरी होते, सगळी गर्दी त्यांच्याकडं. आमच्या शेवटच्या ग्रीनवर अण्णा, त्यांच्याबरोबर खेळणारा एक तरुण सरदार, त्याचा कॅडी आणि मी. एका पंचानं येऊन हळूच सांगितलं होतं, या होलला चार फटके पुरतील, पाच झाले तर नाही. तीन झाले होते. राहिला होता चार फुटांचा पट.

अण्णा डाव्या बाजूनं उभे राहिले. मग मागं सरले. पुन्हा उभे राहिले, पुन्हा मागं सरले. हात थरथरत नव्हते. ते मान वळवून माझ्याकडं बघत होते.

"ड्रायव्हर, हिकडं ये."

मी चेनला हात घातला.

"ती चेन सोड. हिकडं ये. डाव्या अंगानं उभारलं की मला उतार उलटा दिसायलाय. डोळ्याला अजून सवय न्हाई. तू सांग, कुठं मारू?"

"अण्णा, मला नका इचारू."

"दुसऱ्या कुणाला इचारू? सरदाराला?"

मी बॅग खाली ठेवली. बूट काढले. चेंडूच्या मागं पालथा पडलो आणि गाल गवताला टेकवला. ओलसर, थंड गवत. भोकाकडची पाती जरा डावीकडं झुकलेली दिसत होती. इतकी थोडी, की खरं की भास ते कळेना. सरदार बघत होता. पंच घड्याळ बघत होता. मी पुन्हा एकदा बघितलं. खरं होतं.

"उजवीकडं एक बोट," मी म्हणालो. "भोकाच्या काठाच्या बाहेर एक बोट."

अण्णांनी पुन्हा बघितलंसुद्धा नाही. उभे राहिले आणि मारला. चेंडू उजवीकडं निघाला, नको तितका उजवीकडं असं मला वाटलं, आणि अर्ध्यावर वळला. भोकाच्या डाव्या ओठाला चाटून आत पडला. पडल्याचा आवाज मला नीट ऐकू आला, कारण टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. सरदार पुढं आला आणि त्यानं आधी अण्णांशी आणि मग माझ्याशी हात मिळवला. मी अनवाणीच होतो.

यादी रात्री फोनवर आली. अण्णांनी बघितली, मला दाखवली आणि फोन खिशात ठेवला.

सोलापूरपर्यंत रेल्वे, तिथून बसनं बसवकल्याण. वैनी बाजाराला आल्या होत्या, त्या स्टँडवर थांबलेल्या. आम्ही उतरलो. अण्णांनी बॅग खाली टेकवली.

"कितवे?" वैनींनी विचारलं.

"साठावा."

"आन् ठेवतेत किती जणाला?"

"साठ."

वैनी अण्णांकडं बघत राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं. इतकं, की पिशवी खाली ठेवून त्या बाकावर टेकल्या. उमरग्याच्या गाडीतली माणसं खिडकीतून वाकून बघायला लागली. अण्णा शेजारी उभे, काय झालं ते न कळून. शेवटी वैनींनी पदरानं डोळे पुसले, उठल्या, आणि कुणी काही म्हणायच्या आत ती बॅग स्वतःच्या डाव्या खांद्याला अडकवली.

"चला," त्या म्हणाल्या. "तूर काढायला आलीया."